कॅनडाच्या उत्तरेत हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही, मग तिथल्या आदिवासी गावांना सोलरचा काय उपयोग?
हिवाळ्यात जवळजवळ नाहीच, खरंय. पण उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही, त्याचं काय? कॅनडाच्या युकॉन प्रदेशातलं ओल्ड क्रो घ्या. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला वुंटुट ग्विचिन लोकांचं छोटंसं गाव. बारमाही रस्ता नाही, विजेच्या जनरेटरचं डिझेलसुद्धा विमानाने येतं. (भाव काय पडत असेल!) २०२१ मध्ये तिथे ९४० किलोवॅटचा सौरप्रकल्प सुरू झाला. सूर्य आभाळात गोल फिरतो म्हणून पॅनेल पूर्व-पश्चिम तोंड करून लावलीत. वर्षाला सुमारे १,८९,००० लिटर डिझेल वाचेल, असा हिशेब. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की प्रकल्प त्या लोकांच्याच मालकीचा आहे. वीज ते कंपनीला विकतात, पैसा गावात राहतो. हिवाळ्यासाठी डिझेल जनरेटर मात्र अजून आहेतच.