‘इश बिन म्यूडं’ म्हणजे झोप आलीय की दमलोय?

प्रश्न असा आहे : जर्मनच्या वर्गात ‘मी दमलोय’साठी ‘इश बिन म्यूडं’ शिकवतात, पण हेच वाक्य ‘मला झोप येतेय’ म्हणूनही ऐकू येतं. मग खरं काय?

दोन्ही. फक्त रात्री दहा वाजता कुणी ते म्हणालं तर यजमान तुमच्यासाठी गादी घालायला उठेल, कारण म्यूडंमध्ये झोपेकडे कल जास्त. उच्चारताना ओठ ‘ऊ’चे आणि जीभ ‘ई’ची ठेवा, शेवटी ‘डे’ ताणू नका. बाई बोलो की बुवा, शब्द तोच. आपल्यासारखं दमलो-दमले नाही.

मराठी माणसाची जीभ इथे ‘मला’कडे वळते. थंडीला ते चालतं : ‘मिअर इस्ट काल्ट’, मला थंडी वाजतेय. थकव्याला मात्र ‘मिअर’ नको, ‘इश बिन’च.

कामानं पिट्ट्या पडला असेल तर ‘एर्शोप्फ्ट’ म्हणा. त्यातलं ‘शोप्फन’ म्हणजे पाणी उपसणं. तेव्हा हा उपसून कोरडा झालेला माणूस. घरगुती बोलण्यात ‘कापुट’ चालतं, एरवी ते मोडक्या वस्तूला लावतात. आणखी जोर हवा असेल तर ‘हुंडंम्यूडं’, म्हणजे कुत्र्यागत दमलेला.

खरी गंमत ‘गेशाफ्ट’ची. ‘इश बिन गेशाफ्ट’ म्हणजे पार गळून गेलोय. ‘इश हाबं एस गेशाफ्ट’ म्हणजे जमलं बुवा एकदाचं! एका क्रियापदाच्या फरकानं रडगाण्याची फुशारकी होते. ‘फेर्टिश’चंही तसंच. ‘इश बिन फेर्टिश’ म्हणजे माझं आटोपलं, किंवा माझा जीव मेटाकुटीला आलाय. साहेबानं अहवालाबद्दल विचारलं की पहिला अर्थ, सोफ्यावर अंग टाकताना म्हटलं की दुसरा. ‘फिक्स उंट फेर्टिश’ म्हणूनही ही दुविधा सुटत नाही, तेही दोन्हीकडे चालतं.

एखाद्या गोष्टीचा वीट आला असेल तर थकव्याचा शब्दच सोडा आणि ‘इश बिन एस लाइट’ म्हणा. आणि ‘लेबन्सम्यूडं’ शब्दशः जगण्याला कंटाळलेला असला, तरी भर रहदारीत लाल दिव्याला सायकल दामटणाऱ्याला ‘बिस्ट डू लेबन्सम्यूडं?’ म्हणतात, तेव्हा त्यात सहानुभूती शोधू नका. आपल्याकडे त्याला ‘जिवावर उदार झालायस का रे?’ म्हणतील.