मले इचारलं असतं तं

पोरा,

सेवाग्रामच्या अधिवेशनात फोटोंचं काम तुझ्याकडे आलं, याचा आनंद आहे. तुझं नाव मीच पुढे केलं होतं. उजेड, लेन्स हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला सांगायचंय ते समोरच्या माणसाबद्दल.

बारा वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी नर्सताईंची परिषद होती. फोटो मीच काढत होतो. तिसऱ्या रांगेत एक ताई मान तिरपी करून लिहीत होती, खिडकीतलं ऊन नेमकं तिच्या वहीवर. फोटो इतका सुरेख आला की मी त्याच रात्री फेसबुकवर टाकला. तिच्या बॅजवरचं नाव आणि उपकेंद्राचं गाव त्यात स्वच्छ वाचता येत होतं. माझं तिकडे लक्षच गेलं नाही. मारहाण करणाऱ्या नवऱ्याचं घर सोडून, लेकीला घेऊन ती त्या गावी राहत होती. सासरी कोणालाच ठावठिकाणा दिला नव्हता. पाचव्या दिवशी तो उपकेंद्राच्या दारात उभा! गावकऱ्यांनी त्याला हुसकावलं, पण ठिकाण उघडं पडलं ते पडलंच. तिला पुन्हा बदली मागावी लागली, लेकीची शाळा ऐन वर्षाच्या मध्यात सुटली. जाण्याआधी तिने मला फोन केला. भांडली नाही. म्हणाली, “भाऊ, फोटो चांगला आला जी. पण मले इचारलं असतं तं बरं झालं असतं.”

ते वाक्य आजही टोचतं.

यंदा नोंदणीच्या टेबलावर बॅजसाठी तीन रंगांच्या फिती ठेवतोय. हिरवी म्हणजे खुशाल काढा, पिवळी म्हणजे आधी विचारा, लाल म्हणजे नको. सॉफ्टवेअरवाल्यांच्या संमेलनांत अशा फिती बऱ्याच ठिकाणी असतात. काहींना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, म्हणून लाल फितीच्या बॅजवर काट मारलेला कॅमेराही छापून घेतलाय. लाल फीत घेणाऱ्याला ‘काहून?’ असं कधीच विचारू नकोस. कारण सांगायला लावलं, की त्या फितीचा उपयोगच संपला. ती व्यक्ती मंचावर बोलायला उभी राहिली तरी फीत लालच.

पण नुसत्या फितीवर विसंबू नकोस. आपल्याकडच्या बायका तोंडाने ‘नाही’ क्वचितच म्हणतात. पदर सारखा करतात, मान वळवतात, शेजारणीच्या पाठीमागे सरकतात. मोठे साहेब जवळ उभे असले की ‘काढा ना जी’ म्हणतात आणि नजर खाली जाते. ती खाली गेलेली नजर म्हणजे नकार समज आणि कॅमेरा खाली घे. हिरवी फीत असली तरीही.

सगळ्यांच्या एकत्र फोटोआधी माईकवरून सांगायला लाव आणि ज्यांना बाजूला व्हायचंय त्यांना निवांत बाजूला होऊ दे. ‘या ना ताई, एकट्याच काय उभ्या’ असं ओढून आणणारे उत्साही लोक असतात, त्यांना तू आवर. मागच्या रांगेतले चेहरेही तपास. झूम केलं की तेही ओळखू येतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री घाईने काही टाकू नकोस. नंतर डिलीट केलंस तरी तोवर ज्यांनी उतरवून घेतला त्यांच्याकडे तो राहतो.

नोंदणी अर्जाच्या तळाशी ‘फोटोला संमती आहे’ अशी बारीक ओळ छापू, असं कोणी तरी सुचवलं. मी नको म्हटलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणी, नेमक्या कामासाठी, समजून-उमजून दिलेली असावी असं आहे, आणि दिली तितक्याच सहज मागे घेता यावी असंही. म्हणून अधिवेशनानंतर कोणी ‘माझा फोटो काढून टाका’ म्हणालं तर त्याच दिवशी काढ. वाद घालू नकोस.

जागा सेवाग्रामची आहे, म्हणून बापूंचे नातलग आणि छायाचित्रकार कनू गांधी यांची आठवण होते. या आश्रमात बापूंचे फोटो काढायची परवानगी मिळाली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही, आश्रमाकडून पैसे मिळणार नाहीत. बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांनी रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म घेतली आणि त्या अटींत राहून केवढं मोठं काम केलं! तुला अटी जड वाटल्या तर ते फोटो पाहा. पाठमोरे बापू, चालणारे बापू. तूही पाठीमागून सभागृह टिप, वहीवरचे हात टिप, चहाच्या कपांची रांग टिप.

लाल फिती वर्ध्यात साठच मिळाल्या, उरलेल्या नागपूरहून आणतो. पहिल्या दिवशी सकाळी आठला ये. कॅमेरा पिशवीतच राहू दे आणि तासभर माझ्यासोबत टेबलावर बसून बॅज वाट. कोणी कोणती फीत उचलली, ते तिथेच तुझ्या डोळ्यांत बसेल.

तुझा
काका