बी.एड.चा आग्रह सोडा, पण फुकट शिकवणंही थांबवा

गोव्यातल्या साखळीजवळच्या एका गावातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा: थोरली लेक टेक्स्टाइल डिझाइनची चार वर्षांची पदवी घेऊन घरी परतली. जुन्या सुती कापडांचे थर एकावर एक ठेवून, त्यांवर धावदोरा घालून ती भिंतीवर लावायच्या मोठ्या कलाकृती करते. काही विकल्याही गेल्या. गेल्या वर्षापासून दर शनिवारी गावच्या प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना हातशिलाई आणि कापडाच्या वस्तू शिकवते, तेही एक पैसा न घेता. आता म्हणते, मी हेच करणार. वडील लिहितात, "एवढा खर्च करून शिकवली ती पोरांना सुईत दोरा ओवून द्यायला का? निदान बी.एड. कर म्हणजे सरकारी शाळेत लागशील, असं आम्ही म्हणतो. ती ऐकत नाही. तुम्हीच काय ते सांगा."

नमस्कार.

तुमची काळजी मिळकतीची आहे आणि ती रास्त आहे. म्हणून आधी नोकरीचंच बोलू.

प्राथमिक शाळाच डोळ्यांसमोर असेल तर बी.एड.चा काही उपयोग नाही. 2018 मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीला शिकवायची मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 च्या निकालात ती मुभा चुकीची ठरवली. प्राथमिक शिक्षक व्हायचं तर डी.एल.एड. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, द्यायची. गोव्यात त्यासाठी पर्वरीची डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आहे. प्रवेश बारावीच्या गुणांवर असतो, त्यामुळे पदवी झालेल्या तुमच्या लेकीला तो मार्ग आजही खुला आहे.

पण तो धरण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. प्राथमिक शाळेतला शिक्षक वर्गाचा शिक्षक असतो. भाषा, गणित, परिसर अभ्यास, सगळं त्यानेच शिकवायचं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकांची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही शंभराहून जास्त मुलं असलेल्या शाळांना. पहिली ते पाचवीसाठी तशी तरतूद त्यात नाही. म्हणजे डी.एल.एड. करून ती शिक्षिका झाली, तरी सुई-दोऱ्याला आठवड्यातून जेमतेम एखादा तास मिळेल. तिला मुलांना शिकवणं आवडतं की मुलांना शिवण शिकवणं आवडतं, हे तिलाच विचारा. पहिलं असेल तर पर्वरीला जाऊ द्या. पत्रावरून मला तरी दुसरं वाटतं.

आता तुमच्या त्या वाक्याबद्दल. सुईत दोरा ओवून देणं एवढंच तिचं काम असतं, तर मीही तुमच्या बाजूने बोललो असतो. असे तास मी मागच्या बाकावर बसून पाहिले आहेत. तिसरीतला मुलगा दोऱ्याचं टोक तोंडात ओलं करतो, एक डोळा मिटतो, आणि दोरा नेढ्याच्या शेजारून निघून जातो. पुन्हा तेच होतं. जाणती शिक्षिका अशा वेळी त्याच्या हातातली सुई काढून घेत नाही. ती कात्रीने टोक तिरकं कापते आणि सांगते, दोरा चिमटीत जेमतेम दिसेल इतकाच धर, हलवू नकोस, सुई त्याच्यावर आण. दोरा ओवला जातो, आणि तोच मुलगा उठून शेजारच्या दोघांना ओवायला शिकवू लागतो.

दोरा बोटांपासून कोपरापर्यंतच घ्यायचा, लांब घेतला की गुंता होतो. डावखुऱ्या मुलाला शेजारी नव्हे, समोर बसवायचं, म्हणजे आरशात पाहिल्यासारखं त्याला करता येतं. लहान वर्गांना बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई आणि गोणपाटासारखं सुट्या विणीचं कापड. तास सुरू होताना सुया मोजून द्यायच्या, संपताना मोजून घ्यायच्या, आणि एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत कुणालाही वर्गाबाहेर सोडायचं नाही. आपल्याकडच्या पावसात सुया गंजतात आणि गंजलेली सुई कापडात अडते, म्हणून सत्राच्या सुरुवातीला सगळ्या तपासून घ्यायच्या. हे सगळं अंगवळणी पडायला वेळ लागतो. चांगली डिझायनर ते करू शकेलच असं नाही. तुमची लेक करते आहे आणि मुलं तिच्या तासाला टिकून आहेत, ही तिची कमाई आहे.

शिवाय तिच्याकडे जे आहे ते साध्या हस्तकलेच्या पुस्तकात सापडत नाही. आपल्या कुणबी साडीचा तांबडा-पांढरा चौकडा घ्या. चौकड्याच्या कापडावर टाका मोजून घालता येतो. एक घर सोडायचं, एक घर भरायचं, रेघ आपोआप सरळ येते. चौथीतला मुलगा धावदोरा घालत शेवटपर्यंत गेला की त्याच रेघेवरून मोकळ्या घरांत टाके भरत परत यायला सांगायचं. झाली की घाटापलीकडच्या धारवाडची कसुती, तिथलं पारंपरिक भरतकाम! तिच्यात या टाक्याला गवंती म्हणतात. गाठ नाही आणि उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्या, हे पाहून मुलं कापड पुन्हा पुन्हा उलटून बघतात. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून कवंदी, म्हणजे गोधडी, शिवतात आणि कोपऱ्यांवर कापडाची घडी घालून फुलं लावतात. त्या समाजातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेले होते. कवंदी तिसरीच्या वर्गात दाखवली तर शिवणाच्या तासाला इतिहासही येतो. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्ज यांनी कुणबी साडी पुन्हा लोकांसमोर आणली तेव्हा अनेकांना तिची किंमत कळली. मुलांना ती त्याआधीच, स्वतःच्या हातांनी कळावी असं मला मनापासून वाटतं. मुलग्यांनाही, बरं का. शर्टाचं बटण तुटलं की आईकडे धावायचं वय चौथीत संपायला हरकत नाही.

आता मिळकत. फुकट शिकवणं या सत्रापासून बंद करायला सांगा. यात लोभ कुठेही नाही. फुकटचा तास शाळेच्या वेळापत्रकात कायम शेवटी राहतो. गॅदरिंगची तालीम आली की तोच जातो, परीक्षा आली की तोच जातो. मानधन ठरलं की तासाला जागा मिळते. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकांकडे त्यासाठी पैसे नसतील, तर पालक-शिक्षक संघाशी बोलता येतं. तासाचं मानधन वेगळं आणि साहित्याचा खर्च वेगळा लिहायचा. भरतकामाच्या रिंगा, कात्र्या आणि सुया शाळेने घ्यायच्या आणि शाळेच्याच कपाटात ठेवायच्या. वर्गशिक्षिका तासभर वर्गात हजर राहील, हेही त्याच कागदावर हवं. गावच्या शाळेसाठी ती दर कमी ठेवो, पण शून्य नको.

एका शाळेवर घर चालणार नाही. डिचोली, म्हापसा, फोंडा या पट्ट्यातल्या तीन-चार खासगी प्राथमिक शाळा मिळाल्या तर आठवडा भरतो. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडून शिकण्याची कल्पना आहे. त्या दिवसांसाठी शाळांना जाणकार माणूस लागतो, आणि तिथे तिची पदवी कामाला येते. मोठ्यांसाठीच्या कार्यशाळांना मुलांच्या वर्गांपेक्षा बरे पैसे मिळतात. गोव्यात बाहेरून येऊन राहिलेली बरीच माणसं अशा गोष्टींसाठी खर्च करतात. पणजीत 2016 पासून भरणारा सेरेंडिपिटी कला महोत्सव तिने शिकवणाऱ्याच्या नजरेने पाहावा आणि तिथल्या लोकांशी ओळखी कराव्यात.

पूर्ण वेळ, पगारी, फक्त हस्तकलेची शिक्षिका व्हायचं असेल तर वॉल्डॉर्फ पद्धतीच्या शाळा बघायला सांगा. 1919 मध्ये श्टुटगार्टला सुरू झालेल्या या पद्धतीत पहिलीपासून मुलगे-मुली दोघांनाही विणकाम शिकवतात आणि पुढे शिवण येतं. हातकाम हा तिथे रीतसर विषय आहे, त्यामुळे तो शिकवणाऱ्यालाही जागा आहे. मुंबई, हैदराबाद, बेंगळुरूला अशा शाळा आहेत. घर सोडावं लागेल, पण तिने चार वर्षं सोडलं होतंच.

एका बाबतीत मी तुमच्या लेकीशी भांडेन. शाळांचे तास वाढले की स्वतःच्या कलाकृती मागे पडतात, बहुतेकांच्या पडतात. आठवड्याचे निदान दोन दिवस तिने स्वतःच्या कामासाठी राखावेत आणि त्या दिवशी कुणालाही होकार देऊ नये. घरात तुम्हीही ते दिवस पाळा. "घरीच आहेस तर बाजारातून जाऊन ये" असं त्या दिवशी नको. विकली जाणारी कलाकृती हा तिच्या उत्पन्नाचा एक भाग आहे. आणि शाळा तिला बोलावते तीही ती आज स्वतः काम करणारी कलाकार आहे म्हणून.

दोन वर्षं द्या. दर सहा महिन्यांनी बापलेकीने बसून जमाखर्च मांडा: किती शाळा, किती मानधन, साहित्यावर किती गेले, किती कलाकृती विकल्या. दोन वर्षांनी हिशेब जुळत नसेल, तर डी.एल.एड., मुंबईतली टेक्स्टाइल कंपनी, बाहेरगावची शाळा, यांतलं काहीच हातचं गेलेलं नसेल. तोवर शनिवारी एकदा शाळेत जाऊन तिच्या तासाला मागच्या बाकावर बसा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, तिसरीच्या पहिल्या सत्राचा आराखडा आणि शाळेला द्यायच्या मानधनाच्या पत्राचा मसुदा सोबत जोडून. दोन्ही मी वाचीन आणि दुरुस्त्या करून पाठवीन.