युरोला शंभराने गुणू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात २८ लाखांचं पॅकेज, जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या कंपनीची वर्षाला ६५ हजार युरोंची ऑफर, पत्नी फिजिओथेरपिस्ट, मुलगी पाच वर्षांची, आलो तर राहणीमान खरंच उंचावेल का? मी नऊ वर्षांपूर्वी पुण्याहूनच नवऱ्यामागून इथे आले, तेव्हा दोन्हीकडचा किराणा भरून झालाय.

युरोला शंभराने गुणून रुपये काढताय, आधी तो गुणाकार थांबवा. घरात एकटे कमावणारे म्हणून तुम्ही तिसऱ्या टॅक्स क्लासमध्ये, म्हणजे पगारातून कमी कर कापणाऱ्या गटात बसाल आणि कर, विमा वगैरे कापून महिन्याला ३,७०० युरोंच्या आसपास हातात पडतील. आमच्या भागात त्यातले १,४०० घरभाड्यात गेलेच म्हणून समजा. इथलं ‘थ्री त्सिमर’, तीन खोल्यांचं घर, म्हणजे आपलं टू बीएचके, कारण स्वयंपाकघर खोल्यांत धरत नाहीत. पुष्कळदा ते नसतंच! आमच्या पहिल्या घराची किल्ली मिळाली तेव्हा आत भिंतीतून बाहेर आलेले दोन पाइप आणि एक जाड वायर, बस. ओटा, सिंक, शेगडी, कपाटं, सगळं आधीचा भाडेकरू उचलून घेऊन गेला होता. सात आठवडे मी फरशीवर इंडक्शन ठेवून कुकर लावला आणि भांडी बाथटबमध्ये घासली. तेव्हा तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंतचं डिपॉझिट आणि किचनचा खर्च एवढी पुंजी सुरुवातीलाच गाठीशी हवी.

कापून गेलेल्या पैशाचं काय होतं हे मात्र इथे दिसतं. तुमच्या सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारी पत्नी आणि मुलगी जादा हप्ता न भरता येतात. मुलीपोटी किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता मिळतो, २०२६ पासून महिन्याला २५९ युरो. रजा कायद्याने वर्षाला किमान २० दिवस, पण बहुतेक कंपन्या ३०च्या आसपास देतात. आजारपणाची सुट्टी त्यात धरत नाहीत; सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार चालू राहतो. नवऱ्याची पाठ धरली होती तेव्हा त्याने तिसऱ्या दिवशी सवयीने एका मेलला उत्तर दिलं. लगेच साहेबाचा फोन. मला वाटलं, ‘कधी येताय’ विचारतील. तर ते रागावले होते, आजारी असताना मेल उघडलाच का म्हणून.

पण त्याच विम्यावर त्वचेच्या डॉक्टरची वेळ मला पाच महिन्यांनी मिळाली. पुण्यात संध्याकाळी जाऊन दाखवून आले असते.

आता मुद्द्याचं. आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न मोजणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकाच्या २०२५च्या अहवालात जर्मनी पाचवा आहे आणि भारत १३०वा. लोक हा आकडा तोंडावर फेकतात, पण तो देशाच्या सरासरीचा आहे, तुमच्या घराचा नव्हे. २८ लाखांवर तुम्ही पुण्यात वरच्या मजल्यावर राहता. इथे मधल्या मजल्यावर याल. तिथे पोळ्यांना बाई, भांड्यांना बाई, इस्त्रीवाला, गाडी पुसणारा. इथे माणसाचा तास महाग, त्यामुळे खिडक्या पुसण्यापासून कपाट जोडण्यापर्यंत सगळं आपल्या हातांनी. शनिवार त्यातच जातो. रविवारी दुकानं बंद, आणि ड्रिल मशीन चालवलंत तर शेजारी दार वाजवतो. ज्याला हे जमत नाही तो दोन वर्षांत वैतागतो, मग पगार कितीही असो.

उलट पुण्यात जे पैसे मोजूनही मिळत नाही ते इथे दाराबाहेर पडलं आहे. फूटपाथ. माझी मुलगी पहिलीपासून शेजारच्या पोरांबरोबर चालत शाळेत जायची, सोबत एकही मोठं माणूस नाही. पहिला महिनाभर मी लपत लपत मागे जायचे, मग सोडलं. शाळेची फी नाही. महिन्याला ६३ युरोंच्या डॉइचलांडटिकेटवर देशभरातल्या बस, ट्राम आणि लोकल गाड्या चालतात, त्यामुळे गाडी न घेताही भागतं. (आईवडिलांचा विषय तुम्ही काढला नाहीत, म्हणून मीही काढत नाही.)

तुमच्या हिशोबात मला सगळ्यात कच्चा दुवा वाटतो तो तुमच्या पत्नीचा. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदाराला मिळणारा राहण्याचा परवाना, असलेल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही आणि नोकरीची मुभा पहिल्या दिवसापासून असते. नेमकी इथेच फसगत होते. ‘जाऊन शिकू’ म्हणत मीही आले. पुण्यात बँकेत बारा जण माझ्या हाताखाली होते, इथे दोन वर्षं भाजीवाल्यालाही बोट दाखवून सांगायचे. फिजिओथेरपीला तर परवाना लागतो: पदवीची मान्यता आणि बी-टू या वरच्या पातळीपर्यंत जर्मन. ती होईपर्यंत त्यांना हाताखालची कामंच मिळतील. त्या कमवू लागल्या की टॅक्स क्लासही बदलून घ्या, नाहीतर जास्त कर कापणाऱ्या पाचव्या क्लासमधली त्यांची पहिली पगारपावती बघून घरात भांडण ठरलेलं.

म्हणून पुण्यात बसूनच त्यांना जर्मन शिकायला मॅक्स म्युलर भवनात घाला आणि मान्यतेचा अर्जही तिथूनच टाका. त्याला शिकवलेल्या तासांची विषयवार यादी लागते, कॉलेजच्या सही-शिक्क्यानिशी. ती मागायला उद्याच जा. कॉलेजच्या ऑफिसातून असा कागद निघायला किती खेटे घालावे लागतात, ते मी सांगायला नको.