येगर मोठा की हूवर?

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. पायलट व्हायचंय. अमेरिकन वैमानिक चक येगर माझे हीरो, पण दादा म्हणतो त्यांचेच देशबंधू बॉब हूवर त्यांच्याहून भारी. आदर्श कोणाचा ठेवू? – एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : धाडसात तुझ्या येगरना तोड नाही. घोड्यावरून पडून बरगड्या मोडलेल्या, विमानाचं दार ओढून लावायला हात उचलेना, तर झाडूच्या दांड्याचा तुकडा घेऊन विमानात बसले आणि १४ ऑक्टोबर १९४७ ला ध्वनीचा वेग ओलांडून आले! त्या मोहिमेचे राखीव वैमानिक होते हूवर. त्या दिवशी ते दुसऱ्या विमानातून पाहत होते.

पण फ्लाइंग क्लब, खासगी विमानं, शेतावरची फवारणी, या छोट्या विमानांच्या जगापुरतं विचारशील तर मी दादाच्या बाजूने. १९८९ मध्ये सॅन दिएगोजवळ हूवरच्या पिस्टन इंजिनच्या, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या विमानात चुकून जेटचं इंधन भरलं गेलं. हे इंधन म्हणजे रॉकेलाचंच भावंड. उड्डाण केलं आणि दोन्ही इंजिनं बसली. विमान मोडलं, माणसं वाचली. इंधन भरणाऱ्या पोराला हूवर रागावले नाहीत. उलट, उद्या माझं विमान तूच भर, म्हणाले. पुढे जेट इंधनाच्या नळीला रुंद तोंड आणि पिस्टन विमानाच्या टाकीला अरुंद कडं बसवायची पद्धत आली, म्हणजे चुकीची नळी आत जाणारच नाही. ती तोटी आजही हूवरच्या नावाने ओळखली जाते.

येगरनीही मुलांना छोट्या विमानातून फुकट फिरवून आणणाऱ्या ‘यंग ईगल्स’चं अध्यक्षपद बरीच वर्षं सांभाळलं, हे दादाला जरूर ऐकव.

आता तुझं. येगरसारखं चाचणी वैमानिक व्हायचं तर आधी हवाई दल, म्हणजे तुझ्यासाठी एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी). नागरी परवाना हवा असेल तर फीचे लाखो रुपये भरण्याआधी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल, म्हणजे वैमानिकांची वैद्यकीय तपासणी, करून घे. रंग ओळखण्यातला दोष फी भरल्यावर कळला की घरात रडारड होते, मी पाहिली आहे.

मग परवानगी काढून बारामतीच्या फ्लाइंग स्कूलमध्ये एक सकाळ घालव. उड्डाणाआधी शिकाऊ वैमानिक पंखाखाली वाकून पारदर्शक नळीत थोडं इंधन काढतो, उजेडात धरून पाणी, कचरा, रंग बघतो. पिस्टन विमानांचं नेहमीचं पेट्रोल निळसर दिसतं. हे रोज, प्रत्येक उड्डाणाआधी. ते बघताना कंटाळा आला की मजा वाटली, तेवढं मला लिहून कळव.