थरांच्या चित्रात माती का फुटते?

प्रश्न : पुठ्ठ्यावर वर्तमानपत्र, त्यावर सुती कापड, वर वावरातली काळी माती फेविकॉलमध्ये कालवून लावली आणि शेवटी ॲक्रिलिक रंग दिला. माती भेगाळून गळतेय, कागदाला सुरकुत्या पडल्या, पुठ्ठाही वाकला. काय चुकलं?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : आधी मातीचं पाहू, खरा बिघाड तिथेच आहे. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि सुकताना आकसते. उन्हाळ्यात वावराला पडतात त्याच भेगा तुमच्या चित्राला पडल्या. नुसतं फेविकॉल वाढवून त्या थांबणार नाहीत. माती वाळवून कुटा, वस्त्रगाळ करा आणि एक वाटी मातीत तीन वाट्या चाळलेली बारीक रेती मिसळा. रेती आकसत नाही, म्हणून थर जागेवर राहतो. कालवायला साधारण दीड वाटी फेविकॉल घ्या. पाणी लागलंच तर चमचा-दोन चमचे. थर दोन मिलिमीटरच्या वर नको. जाडी हवी असेल तर पहिला थर पुरता सुकू द्या, मग दुसरा चढवा. सुकवायचं सावलीतच. मे महिन्याच्या उन्हात वरचा पापुद्रा लगेच कडक होतो, आतला ओलावा नंतर निघतो आणि थर तडकतो. आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघाच, कारण प्रत्येक वावराची माती सारखी नसते.

सुरकुत्यांचं कारण सोपं आहे: कोरडा कागद चिकटवला की तो फेविकॉलमधलं पाणी शोषून पसरतो. आधीच मिनिटभर ओला करून टिपून घ्या. तीन भाग फेविकॉल, एक भाग पाणी असं लावा आणि मधून कडेकडे दाबत हवा काढा. वर्तमानपत्र पुढे पिवळं पडतं. छापील मजकूरच दिसायला हवा असेल तर चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा. इंकजेट प्रिंटरवर छापू नका, त्याची शाई बहुधा ओली होताच पसरते.

पुठ्ठ्याऐवजी सहा मिलिमीटरचा प्लाय घ्या. मातीचं वजन पुठ्ठ्याला झेपत नाही. समोर चिकटवलेला कागद सुकताना एकाच बाजूने ताण देतो, म्हणून मागेही तसाच कागद चिकटवा.

प्रश्न : ऑइल पेस्टलवर ॲक्रिलिक धरत नाही, सोलून निघतं.

उत्तर : तेलकट थरावर पाण्यातला रंग पकड घेत नाही. क्रम उलटा करा: ॲक्रिलिक खाली, पेस्टल सगळ्यात शेवटी. पेस्टल कधीच पुरतं कडक होत नाही, त्यामुळे चित्राला काच लावा आणि ती टेकू नये म्हणून फ्रेममध्ये आतून पट्टी द्या.