लॅपटॉप नको, शनिवार द्या

मागच्या अंकात आमच्या गटाबद्दल छापून आलं. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या शाळांमध्ये आम्ही इंटरनेटशिवाय चालणारे शिक्षणाचे डबे, म्हणजे धडे आणि गोष्टी भरलेले छोटे कॉम्प्युटर, बसवतो, एवढीच ती बातमी. त्यावर बरीच पत्रं आली. उत्तरं द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण गटातले बाकीचे प्राध्यापक आणि सॉफ्टवेअरवाले, आणि त्यांना थोडक्यात बोलता येत नाही. माझं बेळगावात टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. डब्यांची तब्येत मी बघतो, बाकीचं ते.

माझ्याकडे तीन जुने लॅपटॉप पडून आहेत. मुलांच्या उपयोगी पडावेत असं वाटतं. कुठे पोचते करू? — एक निवृत्त गणित शिक्षक, निपाणी

गुरुजी, राग मानू नका, पण नकोत.

पडून असलेल्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा गेलेली असते. म्हणजे तो भिंतीच्या प्लगवर चालणार, आणि आमच्या इकडं करंट गेला की तोही गेला. नवी बॅटरी घालायची तर त्या मॉडेलची मिळत नाही, मिळाली तर डुप्लिकेट असते. पण खरी गोम पुढंच आहे. सरकारी शाळेत वस्तू आली की ती नोंदवहीत चढते. एकदा चढली की सहजी उतरत नाही. बंद पडलेला लॅपटॉप टाकता येत नाही, विकता येत नाही. मुख्याध्यापक बदलले की चार्ज देताना तो दाखवावा लागतो. अशी मेलेली यंत्रं कुलपात जपणारी कपाटं मी पुष्कळ पाहिलीत. त्या कपाटात खरं तर गोष्टीची पुस्तकं मावली असती.

बॅटरी तासभर तरी टिकत असेल आणि चार्जरची पिन ढिली नसेल, तर एक लॅपटॉप आम्हाला द्या. डब्यात नवा मजकूर भरायला गटाकडं वापरू, शाळेला देणार नाही.

पण तुम्ही आयुष्यभर मराठी माध्यमात गणित शिकवलंत असं पत्रात लिहिलंय. ते आम्हाला पाहिजे. कसं, ते कोल्हापूरच्या पत्राच्या उत्तरात सांगतो.

आमच्या शाळेला एका देणगीदाराने मोठा टीव्ही दिला. रेंज नाही, त्यामुळे तो बंदच असतो. तुमचा डबा इंटरनेटशिवाय नेमका काय करतो? — एक शिक्षिका, जांबोटी भाग

बाई, डबा म्हणजे रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर. २०१२ साली तो पहिल्यांदा विक्रीला आला. आम्ही त्याचं ४ नंबरचं मॉडेल वापरतो. तो स्वतःचं वायफाय सोडतो. टॅब किंवा मोबाईल त्या वायफायला जोडला की डब्यात भरलेलं सगळं दिसतं, बाहेरच्या जगाशी संबंध नाही. आत तीन गोष्टी असतात. कोलिब्री नावाचं मोफत सॉफ्टवेअर, ज्यात धडे, व्हिडिओ आणि चाचण्या लावता येतात आणि कुणी काय सोडवलं ते शिक्षकाला दिसतं. किविक्स, ज्यातून अख्खा मराठी विकिपीडिया नेटशिवाय वाचता येतो. आणि स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी, मराठीत आणि कन्नडात. त्या मोकळ्या परवान्याच्या आहेत, त्यामुळे छापून वाटल्या तरी चालतात.

तुमचा टीव्ही फुकट जाणार नाही. डब्याला एचडीएमआयची बारकी पिन आहे, तिथून वायर टीव्हीला लावली की वर्गाला एकत्र दाखवता येतं. आहे त्या टीव्हीवर आधी हेच करून बघा. टॅब नंतर.

आता डब्याची दुखणी सांगतो, कारण देणारे ही सांगत नाहीत. पहिलं दुखणं विजेचं. डबा चालू असताना करंट गेला की आतलं मेमरी कार्ड बिघडू शकतं, आणि मग तो सुरूच होत नाही. म्हणून ५ व्होल्ट, ३ अँपिअर देणारा छोटा यूपीएस मध्ये घालायचा. मोबाईलची पॉवर बँक चालेल असं सगळ्यांना वाटतं. पण बऱ्याच पॉवर बँका करंट गेल्याक्षणी अर्धा सेकंद थांबून मग पुरवठा देतात, आणि डब्याला तेवढा अर्धा सेकंद पुरतो मरायला. शिवाय भरलेल्या कार्डाची एक नक्कल पाकिटात घालून बाईंच्या टेबलाच्या खणात ठेवायची. जुनं कार्ड काढलं, नवं सरकवलं, झालं. हे सातवीची पोरंही करतात.

दुसरं दुखणं घड्याळाचं. या मॉडेलात घड्याळाची बॅटरीच नाही. एरवी तो वेळ इंटरनेटवरून घेतो. नेट नाही म्हटल्यावर, बंद झाला तेव्हा जी वेळ होती तिथून पुढं मोजायला लागतो. एका शाळेतल्या बाई मला विचारत होत्या, मुलांनी सोमवारी दिलेली चाचणी यादीत गुरुवारची कशी काय दिसते? पोरांनी लबाडी केली असं त्यांना वाटलं होतं. पोरं बिचारी बरोबर होती, डबाच चार दिवस मागं राहिला होता. उपाय म्हणजे डीएस३२३१ नावाचं नखाएवढं घड्याळ, बटण सेलवर चालणारं. ते चार पिनांवर बसतं. आमचा एकही डबा आता त्याच्याशिवाय जात नाही.

पंधरा-वीस टॅबांवर एकदम व्हिडिओ लावले की डब्याचं स्वतःचं वायफाय दम टाकतं. तिथं कुणाच्या घरचा जुना राउटर जोडला की काम भागतं. गुरुजी, जुन्या वस्तूंत आम्हाला खरोखर चालते ती ही.

मुलगा आधीच दिवसभर मोबाईल घेऊन बसतो. शाळेतही पुन्हा स्क्रीनच का? — एक आई, चिकोडी

ताई, डब्यात रील्स नाहीत, हे एक. दुसरं म्हणजे आम्ही शाळेला सांगतो, एका टॅबवर तीन मुलं बसवा. एक दाबतो, दोघं भांडतात, आणि त्या भांडणात गणित होतं. घरच्या मोबाईलला माझ्याकडं औषध नाही. माझा नातू माझंही ऐकत नाही.

आम्ही बालभारतीच्या पुस्तकांवरचे मराठी व्हिडिओ जमवले आहेत. सीमाभागातल्या मुलांसाठी पेन ड्राइव्ह पाठवू का? तुमच्या एका कार्यकर्त्याने 'नको' म्हटल्याचे ऐकले, वाईट वाटले. — एका मित्रमंडळाचे सदस्य, कोल्हापूर

वाईट वाटून घेऊ नका, प्रेमानं देताय हे आम्हाला कळतं. पण बघा, आमची मुलं शिकतात मराठीत, पुस्तक मात्र कर्नाटकाचं. कर्नाटकाचा पाठ्यपुस्तक विभाग मराठी माध्यमाची वेगळी पुस्तकं छापतो आणि परीक्षा एसएसएलसीची, म्हणजे कर्नाटकाच्या दहावीची, असते. तुमच्याकडं दहावीच्या गणिताचे दोन भाग, विज्ञानाचे दोन भाग. इकडं भागांची वाटणी निराळी, आणि दोन्ही विषयांची पुस्तकं एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, पुस्तकांवर बेतलेली. तुमच्या व्हिडिओतली बाई म्हणते, 'भाग दोन काढा, प्रकरण तिसरं.' पोरगं पुस्तक उलटंपालटं करतं, त्याला तो धडाच तिथं सापडत नाही. दोनदा असं झालं की ते व्हिडिओ बघायचं सोडतं. चौथीचं तर विचारूच नका, तुमच्याकडं अख्खं एक पुस्तक शिवछत्रपतींचं, इकडची मांडणीच निराळी.

म्हणजे अडचण भाषेची नाही, जुळणीची आहे. आणि ती यंत्रानं सुटत नाही. कुणीतरी बसून कर्नाटकाचं पुस्तक एका हाताला आणि व्हिडिओंची यादी दुसऱ्या हाताला घेऊन लिहावं लागतं: आठवीचा हा धडा, त्याला हा व्हिडिओ, पण तिसऱ्या मिनिटापासून. आणि हा दुसरा चांगला आहे, पण त्यातलं उदाहरण आपल्या पुस्तकात नाही, म्हणून वगळा. त्रिकोण तिकडंही त्रिकोणच असतो, त्यामुळे तुमच्यातला बराच माल कामाला येईल. फक्त 'भाग' आणि 'प्रकरण' म्हणणारी पहिली दोन मिनिटं कापावी लागतील.

निपाणीच्या गुरुजींना मी हेच काम देणार होतो. घरबसल्या होतं, लॅपटॉपही लागत नाही, वही पुरते. आमच्या गटातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे एका निवृत्त बाईंनी अशी भरलेली दोनशे पानी वही. डबा जळाला तर मी दुसरा करीन. ती वही हरवली तर?

मी बेळगावात इंजिनिअरिंग करतो. घरची भाषा कन्नड, मराठी बोलता येते, लिहिता येत नाही. मला तुमच्यात घ्याल का? — विद्यार्थी

घेऊ की! पण आधी ऐकून घे.

डबा बसवायला येणारे खूप असतात. त्या दिवशी हार असतात, नारळ असतो, शाळा सुधारणा समितीचे अध्यक्ष भाषण करतात, बिसीऊटला, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाला, पायस असतं. मला माणूस पाहिजे तो दुसऱ्या खेपेला. तेव्हा हार नसतात. बाई म्हणतात, 'बरं झालं आलात, गेल्या महिन्यापासून बंदच आहे.' आणि बघावं तर नुसता प्लग सैल झालेला असतो, किंवा उंदरानं वायर कुरतडलेली असते. यंत्र बिघडलं म्हणून शाळा डबा सोडत नाही. विचारायला कुणी नाही म्हणून सोडते. अतिथी शिक्षक असतील तर बहुतेकदा पुढच्या जूनमध्ये नवा माणूस येतो, आणि त्याला पहिल्यापासून शिकवावं लागतं.

म्हणून आमचा नियम असा आहे. एक शाळा घ्यायची आणि वर्षभर तीच धरायची. महिन्यातला एक शनिवार द्यायचा. शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारी शिक्षकांशी निवांत बोलता येतं. कणकुंबीकडची शाळा घेतलीस तर जुलै-ऑगस्टमध्ये तिकडच्या धो धो पावसात जावं लागेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. गटातल्या मुली या बाबतीत तुमच्यापेक्षा पुढं आहेत. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत त्यांना सरकारी बसला पैसे लागत नाहीत, त्यामुळे लांबच्या शाळा त्यांनीच पटकावल्यात. मुलं पेट्रोलचा हिशेब करत बसलीत.

लिहिता येत नाही म्हणतोस, तर कन्नड येतंय ना? फेट म्हणून कोलोरॅडो विद्यापीठाचे विज्ञानाचे खेळ आहेत. वायर, बल्ब, बॅटरी पडद्यावर जोडायची आणि दिवा लावायचा. ते नेटशिवायही चालतात. जगभरचे स्वयंसेवक त्यांची भाषांतरं करतात, मराठीतही झालीत. काही शब्द पुस्तकाशी जुळत नाहीत. कन्नडची बाजू तू तपास. कन्नड माध्यमाचं पुस्तक समोर ठेवून बस.

आणि एक अट आहे. मुलांबरोबर एकट्यानं खोलीत बसायचं नाही. शिक्षक किंवा दुसरा कार्यकर्ता हवाच. तुझ्यावर संशय म्हणून नव्हे, सगळ्यांना हीच अट आहे, मलाही.

तुम्ही मराठी शाळांसाठीच काम करता का? — एक वाचक, बेळगाव

नाही. कित्येक गावांत मराठी आणि कन्नड शाळा एकाच आवारात भरतात, मधल्या सुट्टीत पोरं एकाच नळावर पाणी पितात. डब्याचं वायफाय भिंत ओळखत नाही. आत दोन कप्पे असतात, ज्याला जो पाहिजे तो उघडावा. सीमाप्रश्न १९५६ पासून चाललाय, त्यावर लिहिणारे मोठे लोक आहेत. मला सोल्डरिंग येतं.

टॅब घेणाऱ्या मुलांचे हसरे फोटो तुमच्या पत्रकात का नाहीत? देणगीदारांना विश्वास कसा वाटणार? — एक व्यावसायिक, उद्यमबाग

मुलांचे चेहरे छापायचे तर पालकांना विचारायला पाहिजे, आणि टॅब हातात ठेवून विचारलं तर कोण नाही म्हणेल? म्हणून आम्ही विचारतच नाही. डब्यातही मुलांची पूर्ण नावं घालत नाही, हजेरी क्रमांक घालतो. विश्वास पाहिजे असेल तर एखाद्या शनिवारी गाडी घेऊन चला. गाडीचा आम्हाला उपयोगच होईल.

एवढे करून मुलांचा निकाल वाढला का? — एक वाचक, खानापूर

डब्यामुळं वाढला असं मी म्हणणार नाही. ते मोजायचं तर डबा असलेल्या आणि नसलेल्या शाळा शेजारी ठेवून मोजावं लागतं. आमच्याकडं ना तेवढ्या शाळा, ना तेवढी माणसं. मोठ्यांनी मोजलंय ते सांगतो. पेरू देशात सरकारनं खेड्यांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले होते. ३१९ शाळांत तपासलं, २०१२ साली अहवाल आला, गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. उलट दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांवर माइंडस्पार्क नावाचं सॉफ्टवेअर वापरलं, तिथं साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हीत चांगला फरक पडला. तिथं मूल कोणत्या इयत्तेत आहे ते न बघता त्याला जमेल त्या पातळीचे प्रश्न यायचे. आणि निम्मा वेळ कॉम्प्युटर, निम्मा वेळ शिकवणारा माणूस, लहान गटात. पेरूत यंत्र पोचलं होतं. दिल्लीत यंत्राशेजारी माणूस बसला होता. आम्ही कुठल्या बाजूला आहोत ते शाळेशाळेवर आहे. जिथं बाई स्वतः चाचणी लावतात, तिथं मुलं डबा वापरतात. जिथं 'जा, टॅबवर बसा' म्हणतात, तिथं बसतात, एवढंच.

उन्हाळी सुट्टीत डबा शाळेतच ठेवू का? — एक मुख्याध्यापक, नंदगड भाग

नको. एप्रिल-मेचा वळीव आला की आकाशातली वीज लाइनीतून आत येते आणि अडॅप्टर जळतो. सगळ्या वायरी काढा, टीव्हीचीही. तांदळाच्या पोत्यांच्या खोलीत तर अजिबात नको, उंदीर असतात. तुम्ही किंवा समितीचे अध्यक्ष घरी न्या, आणि मेअखेरीस एकदा दोन तास चालू करून बघा. बंद असेल तर तेव्हाच फोन करा, शाळा सुरू झाल्यावर सगळ्यांचे एकदम येतात. नेताना वहीत सही करा, आणि डब्याच्या खाली चार्जर आणि नकलेचं कार्ड अशा दोन ओळी वेगळ्या लिहा. डबा सगळ्यांच्या लक्षात राहतो, चार्जर मात्र कुणीतरी मोबाईलला लावलेला असतो.